नाचणगावातली उभी लाट

नाचणगावच्या बबनराव ढगे यांना दिल्ली सरकारनं आकाशात बोलायची परवानगी दिली, तेव्हा पहिली अडचण अशी आली की आकाशात पोचण्याआधी किसनरावांच्या कडुलिंबावर चढावं लागत होतं.

बबनराव पुलगावच्या एका जिनिंग-प्रेसच्या कचेरीत हेडक्लार्क. दिवसभर कापसाच्या गाठींचे आकडे, आणि घरी आले की रेडिओ. नुसता ऐकायचा नव्हे, बोलायचासुद्धा. त्यासाठी नागपूरला जाऊन त्यांनी टकटक करून निरोप पाठवायची परीक्षा दिली होती, लष्कराच्या भंगारातून रेडिओचे वाल्व मिळवले होते, आणि दिल्लीहून त्यांना आकाशात वापरायला एक नवं नाव आलं होतं. त्यात इंग्रजी अक्षरं होती आणि मधे एक दोनचा आकडा होता. ते नाव ऐकून शेजारचे किसनराव म्हणाले होते, "बापानं ठेवलेलं नाव काय वाईट होतं बाप्पा? आन् हा दोन कायचा? पहिला बबन कोठी गेला?"

आता एरियलची तार लांब हवी, उंच हवी. बबनरावांच्या अंगणात उंच म्हणावं असं एक सीताफळाचं झाड. कडुलिंब किसनरावांचा. तेव्हा तारेचं एक टोक त्या कडुलिंबाला, दुसरं बबनरावांनी उभ्या केलेल्या सागाच्या बल्लीला, आणि मधोमध तार कापून तिथून दोन समांतर तारा खाली उतरवून, अख्ख्या अंगणावरून नेत, खिडकीतून आत यंत्रापर्यंत. यंत्रातली शक्ती या दोन तारांतून वर जाणार आणि एरियल ती जगाला वाटणार. दोन तारा एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मधे बांबूच्या कांड्या होत्या. त्या मेणात उकळाव्या लागतात, असं पुस्तकात लिहिलं होतं. कोणत्या पातेल्यात, ते पुस्तकात नव्हतं. ते जयवंताबाईंनी संध्याकाळी विचारलं.

जयवंताबाई या बबनरावांच्या पत्नी. आणि खरं सांगायचं तर हा सगळा खटाटोप त्यांच्यासाठीच होता, जरी त्यांनी तो कधी मागितला नव्हता. त्यांचा धाकटा भाऊ घनश्याम जबलपूरला नोकरीला. त्याच्या लग्नात ह्या थोरल्या बहिणीनं चुलीपुढून हलायला फुरसत काढली नाही, आणि तेवढ्यात बाहेर फोटोवाल्यानं सगळ्यांना उभं करून फोटो काढला. फोटो घरी आला. त्यात मामा होते, मामाचे व्याही होते, सनईवाला होता, सनईवाल्याच्या मागं डोकावणारा कोणी अनोळखी गृहस्थ होता. बहीण नव्हती. त्या दिवसापासून जयवंताबाईंनी भावाचं नाव टाकलं. दोन भाऊबीजा कोरड्या गेल्या. त्याची पत्रं यायची, ती चुलीशेजारच्या कोनाड्यात न फोडता पडून राहायची.

"त्याले मी लिवणार नाई," त्या म्हणायच्या. "सनईवाल्याले लिव म्हणा."

योगायोग असा की घनश्यामलाही हेच रेडिओचं वेड होतं, त्याच्याकडेही परवाना होता. बबनरावांनी विचार केला, पत्र लिहिणार नाही म्हणते, पण बोलणार नाही असं काही ती म्हणालेली नाही. हेडक्लार्कला शब्दांच्या फटी बरोबर दिसतात.

रविवारी सकाळी यंत्र सुरू झालं. बबनरावांनी घसा साफ करून जबलपूरला हाक मारली आणि कान लावला. घनश्यामचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा आला.

"भाऊजी! भाऊजी, तुम्ही आहात असं वाटून राह्यलं, पण काही समजत नाही! माशी गुणगुणते तसं येऊन राह्यलं! जोर लावा!"

बबनरावांनी जोर लावला. म्हणजे ते ओरडले. कडुलिंबावरचे कावळे उडाले, पण जबलपूरला माशीच पोचली.

स्वयंपाकघरातून जयवंताबाईंचा आवाज आला, "नाई ना येत त्याले ऐकू? माया आवाज दोन वरसांपासून नाई आला. आता तुमची पाळी."

पण भावाचा आवाज ऐकून त्या भाकर थापायच्या थांबल्या होत्या, हे बबनरावांनी दारातून पाहिलं. भाकर एका बाजूनं करपली, तेव्हा कुठं त्या हलल्या. एवढं पाहिल्यावर हा माणूस माघार घेणार कसा?

शेजारधर्माला नाचणगावात तोटा नव्हता. कोणी म्हणालं, तार तांब्याची आहे, ती चिंचेनं घासा. कोणी म्हणालं, जबलपूर उत्तरेला आणि तुमच्या बोलायच्या डब्याचं तोंड दक्षिणेला, मग जाईल कसं? हे बबनरावांना इतकं अडाणीपणाचं वाटलं की ते हसले, आणि सगळे गेल्यावर त्यांनी टेबल फिरवून पाहिलं. किसनरावांचं निदान असं की तारेला गळती लागली आहे. "तुयी शक्ती कोठीतरी सांडून राह्यली बबन. पाट फुटला का वावरात पाणी पोचत नाई, तसं."

"तार म्हणजे पाट नव्हे, किसनराव," बबनराव जरा दुखावून म्हणाले. "हे शास्त्र आहे. इथं स्टँडिंग वेव्ह रेशो पाहावा लागतो." हे शब्द त्यांनी पुस्तकातल्या एका प्रकरणाच्या मथळ्यावर वाचले होते. प्रकरण अजून वाचलं नव्हतं.

"रेशन?" किसनराव चमकले. "आता कायचं रेशन? कंट्रोल तं कवाच उठला!"

त्या रात्री बबनराव ते प्रकरण घेऊन बसले. अर्थ साधारण असा लागला: यंत्रातून लाट निघते, तारेवरून एरियलकडे जाते. एरियलनं ती सगळी घेतली तर उत्तम. नाही घेतली तर उरलेली लाट उलट फिरून परत येते. जाणारी आणि येणारी एकमेकींत मिसळल्या की तारेवर एक उभी लाट तयार होते. ती ना पुढं जाते ना मागं, जागच्या जागी काही ठिकाणी फुगते आणि काही ठिकाणी मरते. फुगलेली किती आणि मेलेली किती, याचं जे प्रमाण, तोच तो रेशो. दोन्ही सारख्या म्हणजे एकास एक, आणि मग परत काहीच येत नाही. वाचून पटलं सगळं. समजलं मात्र नाही. लाट उभी कशी राहील? लाटेचा धंदाच पुढं जायचा.

मधल्या काळात ग्रामपंचायतीची नोटीस आली. बबनरावांची तार सरकारी बोळावरून कडुलिंबाकडं जात होती. पंचायतीच्या नियमांत तारा तीनच प्रकारच्या: विजेची, तारखात्याची आणि कुंपणाची. बबनरावांची यातली कोणतीच नव्हती. शेवटी चिटणीसांनी बऱ्याच विचारांती तिची नोंद "कुंपण, अती उंच" अशी केली आणि खाली शेरा मारला की सदर कुंपणाखालून गुरंढोरं जाण्यास प्रत्यवाय नसावा. बबनरावांनी सही केली. पदवीधर माणसाला अशी सही करताना काय वाटतं ते पदवीधरालाच कळेल.

त्यानंतर फौजदार. किसनरावांनी पुलगावच्या बाजारात छाती फुगवून सांगितलं होतं की आमच्या अंगणातून जबलपूरशी बोलणं चालतं. पुलगावात लष्कराचा डेपो, त्यामुळं असली वाक्यं बाजारात फार वेळ राहत नाहीत, ठाण्यावर जातात. फौजदार प्रभाकरराव सायकलवरून आले, अंगणात उभे राहिले आणि मान वर करून कितीतरी वेळ पाहत राहिले.

"हे बिनतारी आहे म्हणता?"

"हो."

"मग एवढी तार काऊन?"

या प्रश्नाचं उत्तर बबनरावांनी दिलं, आणि ते चहा होईपर्यंत चाललं. प्रभाकररावांनी सगळं ऐकून घेतलं, परवाना उलटसुलट पाहिला आणि मग खरी अडचण सांगितली. परवान्यासोबत बबनरावांच्या चांगल्या वर्तणुकीचा पोलीस दाखला जोडलेला होता. पण तो मध्यप्रदेशाच्या पोलिसांचा. आता वर्धा जिल्हा मुंबई राज्यात गेला होता.

"म्हणजे मध्यप्रदेशात तुमची वर्तणूक चांगली होती, यात वाद नाही," प्रभाकरराव समजुतीनं म्हणाले. "मुंबई राज्यात कशी आहे, ते पाहावं लागेल."

"साहेब, मी हललोच नाही! राज्य हललं!"

"ते खरं. पण चौकशी तर होईल. मी येतो पुन्हा."

जाताना त्यांनी जयवंताबाईंना विचारलं की यजमान रात्री-बेरात्री काही संशयास्पद करतात का. जयवंताबाई म्हणाल्या, "पुस्तक वाचतात आन् कपाळावर हात मारतात." फौजदारांनी तेवढं टिपून घेतलं.

आता बबनरावांची जिद्द पेटली. पुढच्या रविवारी यंत्र सुरू असताना किसनराव अंगणात आले आणि बबनराव नको नको म्हणत असताना त्यांनी विहिरीजवळ हात उंच करून तारेला बोट लावलं.

"काई नाई होत लेका! तू उगाच लोकायले भेव दाखवतं."

दोन पावलं इकडं, चार पावलं तिकडं, किसनराव तारेला बोट लावत शूरवीरासारखे निघाले. सीताफळाच्या झाडाशी पोचले आणि "अयाया माय वं!" असं ओरडून त्यांनी उडी मारली. बोटाच्या टोकाला पांढरा डाग पडला होता. शकुबाई, म्हणजे किसनरावांच्या मंडळी, कुंपणावरून हे पाहत होत्या. त्यांनी नवऱ्याची चौकशी न करता विचारलं, "विहिरीपाशी काऊन नाई चावलं मंग?"

बबनराव खिडकीतून डोकं बाहेर काढून पाहतच राहिले. विहिरीपाशी चावत नाही, सीताफळाशी चावतं! तार तीच, शक्ती तीच. त्यांनी टॉर्चमधला छोटा दिवा काढला, त्याला तारेचं एक वेटोळं जोडलं आणि काठीला बांधून दोन तारांच्या जवळून फिरवत नेलं. विहिरीजवळ दिवा लख्ख पेटला. जसजसे ते सीताफळाकडं सरकले तसतसा मंदावत गेला, आणि बरोबर जिथं किसनराव उडाले होते तिथं विझला. वेटोळं विजेचा ओघ दाखवतं, बोटाला तिचा दाब चावतो, म्हणून जिथं दिवा तिथं चावा नाही. पण बबनरावांना त्या क्षणी शास्त्राचं भान नव्हतं. ते दिवा घेऊन विहिरीकडून झाडाकडं आणि झाडाकडून विहिरीकडं धावत होते.

"उभी आहे! जयवंता, इकडं ये! लाट उभी आहे आपल्या अंगणात!"

जयवंताबाई पिठाच्या हातांनी आल्या. दिवा पेटलेला पाहिला, विझलेला पाहिला. "मंग बसवा तिले," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

बसवायची कशी, हाच तर प्रश्न होता. एरियल शक्ती का घेत नाही? तार बदलली, कांड्या बदलल्या, सीताफळाची फांदी तोडली. दिवा हट्टानं तिथंच पेटायचा आणि तिथंच विझायचा. घनश्याम दर रविवारी आकाशातून "भाऊजी, माशी! माशीच!" असं कळवायचा. जयवंताबाई त्या वेळी नेमक्या खोलीत काहीतरी शोधत असायच्या. कधी सुई, कधी अडकित्ता.

असाच एक दिवस बबनराव ओसरीवर हताश बसले होते. अंगणात जयवंताबाई आणि शकुबाई धुतलेलं नऊवारी लुगडं दोन टोकांना धरून झटकत होत्या. जयवंताबाईंनी हिसका दिला की लुगड्यावरून एक लाट निघायची, शकुबाईंच्या हातापर्यंत जायची आणि उलटून परत यायची. मधेच दोघींचे हिसके असे जुळले की लुगडं एका जागी फुगू लागलं आणि दुसऱ्या जागी स्थिर राहिलं.

बबनराव ताडकन उठले. "थांबा! थांबू नका! तसंच करा!"

दोघी थांबल्या.

"शकुबाई, तुम्ही हात घट्ट धरलेत म्हणून लाट परत येऊन राह्यली! हात सैल सोडा. लाट आली की तिच्यासंगं हात जाऊ द्या!"

"कोणाची लाट?" शकुबाईंनी जयवंताबाईंना विचारलं.

"ते म्हणतात तसं करा बाई," जयवंताबाई म्हणाल्या. "नाई तं जेवणार नाईत."

शकुबाईंनी हात अगदीच सैल सोडले, तेव्हाही लाट उलटली. अतिघट्ट धरलं तरी परत, अतिसैल सोडलं तरी परत. पण मधेच एकदा, शकुबाई वैतागून हात नुसते येईल तसे हलू देत उभ्या होत्या, तेव्हा लाट गेली आणि त्यांच्या हातात मुरली. परत आलीच नाही. "हेच!" बबनराव ओरडले. "हेच पुन्हा! जोरात!" जोरात केलं, आणि लुगडं टर्रकन मधोमध फाटलं. ते शकुबाईंचं होतं.

त्या प्रसंगी किसनराव कुंपणापलीकडून काय काय म्हणाले, आणि गावात "हेडक्लार्क बायायले लुगडे झटकाले शिकवते" ही बातमी कशी फिरली, ते सोडून देऊ. कचेरीत मुनीमजींनी बबनरावांना विचारलं की धोतराचा वेगळा नियम आहे का. बबनरावांनी मान वर केली नाही. माणसाला मान असते ती अशा वेळी खाली घालण्यासाठीच.

पण त्यांना समजलं होतं. दोष तारेत नव्हता, यंत्रात नव्हता. तार एरियलला जिथं भेटते तिथं होता. मधोमध कापलेली एरियल त्या दोन तारांना फारच सैल हाताची होती. तिच्या टोकांकडं हात घट्ट होत जातो, तेव्हा योग्य जागा मधे कुठंतरी असणार. त्यांनी एरियल खाली उतरवली, कापलेली तार पुन्हा सांधली, आणि खालून येणाऱ्या दोन तारांची तोंडं फाकवून ती मधापासून दोन बाजूंना थोड्या थोड्या अंतरावर जोडली. वर चढवली. दिवा फिरवला. फरक कमी झाला होता! पुन्हा उतरवली, जरा आणखी फाकवली. पुन्हा वर. कडुलिंबावर चढून-उतरून बबनरावांचं धोतर गेलं, गुडघा गेला, पण विहिरीचा आणि सीताफळाचा उजेड एकमेकांकडं सरकत आला.

शेवटच्या खेपेला दिवा तारेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखाच पेटला. बबनरावांचा विश्वास बसेना. तेवढ्यात किसनराव आले. लुगड्याचा राग अजून होता, पण कुतूहल त्याहून मोठं होतं. त्यांनी विहिरीपाशी तारेला बोट लावलं.

"अयाया! इथं तं चावत नोतं!"

"आता झाडापाशी लावा!" बबनराव हात जोडून म्हणाले. "किसनराव, तुमच्या पाया पडतो, एकदाच!"

किसनरावांनी दुसऱ्या हाताचं बोट लावलं आणि उडाले. मग मधे लावलं, तिथंही उडाले. दोन्ही हातांची बोटं तोंडात घालून ते म्हणाले, "सगळीकडं सारखंच चावते लेका!"

बबनरावांनी त्यांना मिठी मारली. एकास एक!

आणि त्याच वेळी फाटकात सायकलची घंटी वाजली. प्रभाकरराव मुंबई राज्यातली वर्तणूक पाहायला आले होते. त्यांनी पाहिलं ते असं की फाटक्या धोतरातला एक हेडक्लार्क, बोटं चोखणाऱ्या एका म्हाताऱ्याला मिठी मारून अंगणात नाचतो आहे.

"येतो मी आत," ते गंभीरपणे म्हणाले आणि खोलीत खुर्चीवर बसले.

त्यांना समजावत बसायला वेळ नव्हता. बबनरावांनी जबलपूरला हाक मारली, तीही साध्या आवाजात. उत्तर आलं ते जवळजवळ किंचाळतच.

"भाऊजी! अरे, काय हे! कानात बसून बोलता! कसं केलं?"

"तुझी बहीण इथं आहे," बबनराव म्हणाले आणि त्यांनी बोलायचा डबा जयवंताबाईंपुढं धरला. त्या अडकित्ता शोधायला आल्या होत्या.

"परवाना कोणाच्या नावावर आहे?" प्रभाकररावांनी विचारलं.

"माझ्या. पण साहेब, रेशनकार्डात पत्नी येतेच ना?"

प्रभाकररावांनी विचार केला. तोवर जयवंताबाईंनी डबा हिसकावून घेतला होता.

"हे बटण दाबून बोल, आणि बोलून झालं की सोड, म्हणजे त्याचं ऐकू येईल," बबनरावांनी सांगितलं.

जयवंताबाईंनी बटण दाबलं.  मग त्या बोलल्या. "घनश्या, मी जयवंता बोलून राह्यली. तुया लग्नात तीनशे मानसाचा सयपाक कोनं केला? लाडू कोनं वळले? सनईवाल्यानं वळले?" आणि मग दोन वर्षं न लिहिलेली सगळी पत्रं एका दमात निघाली. फोटो निघाला, मामाचे व्याही निघाले, लहानपणी नदीवर घनश्याम बुडत होता तेव्हा त्याच्या शेंडीला धरून कोणी काढलं तेही निघालं. बबनराव खिडकीतून पाहत होते. तारेला टांगलेला दिवा त्यांच्या आवाजासरशी भडकत होता, "सनईवाला" म्हटलं की लख्ख. त्यातलं काही परत येत नव्हतं. सगळं जबलपूरला जात होतं.

"बटण सोड," बबनराव खुणेनं म्हणाले. सोडतं कोण? बिचाऱ्या घनश्यामला मधे एक शब्द घालायची सोय नव्हती. दोन वर्षांत बहिणीला असा सुखाचा श्रोता मिळाला नव्हता. अखेर पदर डोळ्यांना लावायला हात हवा झाला, आणि बटण सुटलं.

खोलीत नुसती खरखर. मग घनश्यामचा आवाज आला.

"ताई, मले मुलगी झाली. अडीच महिन्यांची झाली. नाव नाही ठेवलं अजून. आत्यानं ठेवायचं असते ना? सगळे विचारतात, काऊन थांबले. म्या म्हटलं, तिची आत्या येतपर्यंत थांबू. पत्रात लिहिलं होतं तुले."

जयवंताबाईंनी चुलीशेजारच्या कोनाड्याकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. पुन्हा बटण दाबलं.

"अन् तोपर्यंत तिले हाक कोन्या नावानं मारता?"

बटण सोडलं.

"बेबी म्हणतो."

"बेबी!" जयवंताबाई उठल्या. "कुत्र्यायले ठेवतात असं नाव! घनश्या, आमी निगून राह्यलो. तिले कोनी बेबी म्हणू नका." आणि डबा नवऱ्याच्या हातात कोंबून त्या पेटीतली लुगडी काढायला गेल्यासुद्धा. जाता जाता त्यांनी शकुबाईंना हाक मारून त्यातलं एक नवंकोरं देऊन टाकलं.

बबनरावांनी जबलपूरशी निरोप-समारोप केला, यंत्र बंद केलं, आणि मग त्यांना फौजदारांची आठवण झाली. प्रभाकरराव खुर्चीतच होते. टोपी मांडीवर, पेन्सिल खिशात. चौकशीचा कागद कोरा होता.

"साहेब, माझी वर्तणूक..."

"चांगली आहे. लिहितो तसं." ते उठले, दारापर्यंत गेले आणि परत फिरले. "बबनराव, माझी थोरली बहीण सिवनीला असते. तिच्याशी बोलता येईल का यातून?"

"तिच्याकडं असं यंत्र आहे का?"

"नाही."

"मग तिला ऐकू नाही येणार, साहेब."

प्रभाकरराव खुर्ची ओढून पुन्हा बसले आणि त्यांनी बोलायचा डबा हातात घेतला.

"ऐकू नाही आलं तरी चालते," ते म्हणाले. "तशीबी ती कधी माझं ऐकत नव्हती. तुम्ही चालू करा."